रडणारा बाप आणि अर्धी गोळी

आमच्या गावात मला शिंपी म्हणून ओळखणारी माणसं कमी, रडणारा बाप म्हणून ओळखणारी जास्त. गाव पेडण्यातलं, पण पेडण्याच्या समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. इब्रामपूरच्या बाजूला, आत डोंगरात, जिथून महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर. देवळाच्या वार्षिक उत्सवात आमच्याकडे गावकऱ्यांचं नाटक होतं आणि त्यात मी वर्षानुवर्षं बापाचं काम करतो. नाटक बदलतं, बाप बदलत नाही. कधी मुलगी सासरी जाते, कधी मुलगा घर सोडतो, कधी नुसतीच गैरसमजाची भानगड असते, पण तिसऱ्या अंकात बाप रडतो म्हणजे रडतोच. आमचे दिग्दर्शक निवृत्त मास्तर आहेत. ते नाटक निवडताना आधी शेवटची पानं उघडून बाप रडतोय ना ते बघतात, मग पहिल्या अंकाकडे वळतात. पुढच्या रांगेतल्या बायका त्या प्रवेशासाठी घरून टॉवेल आणतात, रुमाल पुरत नाही म्हणतात. मला याचा अभिमान आहे, उगाच विनय कशाला दाखवू.

ते रडू खरं असायचं. कसं यायचं ते मला कधी कळलं नाही आणि मी कधी त्याच्या खोलात शिरलोही नाही. वाक्य तोंडात आलं की घसा दाटायचा, आणि पुढचं आपोआप व्हायचं. नळ उघडला की पाणी येतं, तेव्हा कोण पाइपलाइनचा विचार करतो?

मग एका वर्षी मी आजारी पडलो. ताप नाही, दुखणं नाही. डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे. तिथे समोर कापड पसरलेलं असायचं, हातात खडू असायचा, आणि रेघ मारायचा धीर व्हायचा नाही. तासन् तास मी त्या कापडाकडे बघत बसायचो. जेवण नको, माणसं नकोत, पहाटे डोळा उघडला की छातीवर दगड ठेवल्यासारखं. कारण काय, असं जो तो विचारायचा. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, मुलगी शाळेत बरी चालली होती. कारण नव्हतं हेच कुणाला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. कुणी नजर काढली, कुणी देवाला गाऱ्हाणं घातलं. शेवटी बायकोनेच दुकानाला कुलूप लावलं आणि मला बसमध्ये घालून म्हापशाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. त्या वर्षी नाटकातला बाप दुसऱ्या कुणीतरी केला. तो रडायला लागला तेव्हा लोक हसले, असं मला नंतर मुद्दाम येऊन सांगण्यात आलं.

डॉक्टरांनी गोळी दिली. रोज सकाळी एक, पांढरी, सदऱ्याच्या बटणाएवढी. लागू पडायला वेळ लागला, पण पडली. आधी झोप परत आली, मग भूक. एका सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकून मी आपणहून पाव घ्यायला दारात गेलो, तेव्हा बायको चुलीकडे तोंड करून उभी राहिली ती बराच वेळ वळलीच नाही. मे महिन्यात शाळांच्या गणवेशांचं काम आलं, ते मी पुरं केलं. ती गोळी वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिने मला उभं केलं.

फक्त एक गोष्ट झाली होती, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. मामा वारले, ज्यांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा बघितली ते मामा, आणि मी सगळ्यांना पाणी देत, लाकडांची व्यवस्था बघत फिरत होतो. डोळे कोरडे. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. मलाही बरं वाटलं. आजारातून उठलेला माणूस रडत नाही, तर त्यात तक्रार कसली करायची? दर खेपेला डॉक्टर विचारायचे, कसं वाटतंय, आणि मी सांगायचो, उत्तम.

पुढच्या वर्षी नाटकाचा नारळ ठेवायची वेळ आली. आमच्याकडे तालमी सुरू करण्याआधी सगळी नटमंडळी देवळात जमतात, देवापुढे नारळ ठेवतात आणि गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो. ज्याने जी भूमिका घेतली ती त्याच्याकडून पार पाडून घे बा महाराजा, आणि बाकीचे सगळे एका सुरात ‘होय महाराजा’. एकदा नारळ ठेवला की भूमिका परत करता येत नाही. ती मास्तरांची राहत नाही, देवाची होते. मी नारळ ठेवला, बापाचा. या वेळच्या नाटकात मुलगी कायमची परदेशी जाते आणि बाप तिची बॅग उचलून दारापर्यंत नेतो. रडण्यासाठी याहून चांगली संधी मागून मिळाली नसती.

पहिल्या तालमीत रडू आलं नाही. दुसऱ्या तालमीत नाही. मी वाक्य बरोबर बोलत होतो, बॅग बरोबर उचलत होतो, आवाजसुद्धा जिथे कापायला हवा तिथे कापवत होतो, पण आत काही हलत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं काही काचेतून बघावं तसं. मास्तर समजूतदार आहेत. म्हणाले, उत्सवाच्या दिवशी येईल, काळजी करू नको. मुलीचं काम करणारी बाई फोंड्याहून मानधनावर यायची. आमच्या गावातल्या बायका अजून रंगमंचावर येत नाहीत, त्यामुळे अठरा वर्षांची मुलगी दरवर्षी चाळिशी ओलांडलेली असते, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. तिने मला बाजूला घेऊन डोळ्यांखाली थोडा बाम लावायचा सल्ला दिला. हंगामात ती पुष्कळ गावांत रडते, तिला रोज खरं रडून कसं परवडणार? तिने चांगल्या मनाने सांगितलं होतं, पण मला ते फार लागलं. मला बाम लावून रडायला सांगतेस? मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर मागच्या बाकावरून मी ऐकलं, ‘बाप सुकलो रे आमचो.’

त्या रात्रीच मी ठरवलं. गोळी बंद.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोने मला पुन्हा बसमध्ये घातलं असतं. तिची नजर गोळ्यांच्या पाकिटावर असायची, म्हणून रोज सकाळी मी एक गोळी काढून मुठीत धरायचो, वर पाणी प्यायचो, आणि दुकानात गेलो की ती बटणांच्या डब्यात टाकायचो. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एका सकाळी रेडिओवरची साधी साबणाची जाहिरात ऐकून डोळे भरून आले आणि माझ्या जिवात जीव आला. तालमीत बॅग उचलली आणि घसा दाटला. मास्तरांनी पाठ थोपटली. टपरीवरच्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले. मी अगदी हवेत होतो.

पण ते रडू थांबेना. बाजारात गाबोळीचे मासे बघून रडू, गणवेशावर शाळेचा बिल्ला शिवताना रडू. नाटकात दुसऱ्या अंकात बापाचा विनोदी प्रवेश आहे, त्यात चष्मा कपाळावर असतो आणि तो घरभर चष्मा शोधतो. मी चष्मा शोधता शोधता हुंदके द्यायला लागलो. प्रॉम्प्टर वाक्य सांगत राहिला आणि मला एक शब्द उच्चारता येईना. मास्तरांनी तालीम थांबवली. कुणी हसलं नाही, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

त्यात डोकं. नजर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसायचा, झिर्र असा. मशीनवर बसलं की जमीन हलायची. मळमळ, झोपेत विचित्र स्वप्नं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे राग. एक बाई ब्लाउजचा गळा अर्धा बोट वर घ्या म्हणाली, तर मी कात्री टेबलावर आपटली. माझं जुनं गिऱ्हाईक, तिच्या लग्नातला ब्लाउजसुद्धा मीच शिवला होता. ती ब्लाउज तिथेच ठेवून निघून गेली. एकदा सुई बोटातून आरपार गेली. एकदा स्कूटरवरून येताना झटके एवढे लागोपाठ आले की मी रस्त्याच्या कडेला काजूच्या झाडाखाली बसून राहिलो, आणि मला खात्रीच झाली की जुना आजार परत आला आहे, आणि या वेळी तो जाणार नाही. मला फार भीती वाटली. बरा झालो तर आतून कोरडा, आणि रडता आलं तर हे असं. यातून तिसरं काही असू शकतं हे मला सुचतच नव्हतं.

काज-बटणाचं काम माझी बायको करते. हे मी कसं विसरलो, देव जाणे. एका दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, मी पिठासारखा पांढरा चेहरा करून बसलेला बघितला, आणि राहिलेल्या सदऱ्यांना बटणं लावायला बसली. डब्यात हात घातला. एक बटण काढलं, त्यात दोरा ओवायला गेली, तर भोकं नाहीत.

तिने सगळा डबा कापण्याच्या टेबलावर ओतला. एकेक गोळी वेचून बाजूला काढली, बटणं पुन्हा डब्यात भरली. मी ओरडण्याची वाट बघत होतो. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, कारण त्या दिवसांत मला तेवढंच येत होतं. ती ओरडली नाही.

‘नाटकातलो बाप रडूचो म्हणान,’ ती म्हणाली, ‘घरातलो बाप घालवूक बसलंस?’

मी सांगायला लागलो, नारळ ठेवलाय, लोक सुकला म्हणतात, मामा गेले तेव्हासुद्धा मला रडू आलं नाही. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो. मामांचं ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ह्या तू डॉक्टराक सांगितलंस? मी म्हटलं, रडू येत नाही ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे? त्यावर तिने कपाळावर हात मारला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मला पुन्हा म्हापशाच्या बसमध्ये घातलं.

डॉक्टरांपुढे तिनेच सगळं सांगितलं, बटणांच्या डब्यासकट. मी खाली बघत होतो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आजारच परत आलाय असं धरून चालू नका, असं त्यांनी सांगितलं. अंगाला सवय झालेली गोळी एकदम तोडली की झटके येतात, भोवळ येते, राग येतो, रडू आवरत नाही, हे होतं. पुन्हा सुरू करू, आधी जमिनीवर पाय टेकू देत, मग हळूहळू कमी करून बघू. मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, ‘रडू येत नाही, हसू येत नाही, आत काही पोचत नाही, हीसुद्धा तक्रारच आहे. ती मला सांगायची. मला सांगितलंत तर मी काहीतरी करू शकतो, बटणांच्या डब्याला सांगून काय उपयोग?’

बायकोने तिथे पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. झटके गेले, राग उतरला. त्या ब्लाउजवाल्या बाईच्या घरी मी स्वतः ब्लाउज घेऊन गेलो, गळा अर्धा बोट वर घेऊन. आणि उत्सव आला. नारळ ठेवला होता, तेव्हा बाप मलाच करायचा होता. मी मास्तरांना सांगून टाकलं, यंदा रडू येणार नाही. ते म्हणाले, मग बॅग नीट उचल. मी बॅग नीट उचलली. मुलीचं काम करणाऱ्या फोंड्याच्या बाईने दोघांच्या वाटणीचं रडून घेतलं. मी दारात उभा राहिलो आणि ती गेली त्या दिशेला बघत राहिलो, कोरड्या डोळ्यांनी. पुढच्या रांगेतले टॉवेल तसेच घडीत राहिले. पडदा पडताना एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, यंदा बाप घट जालो गो, म्हणजे कठोर झाला. ते मला ऐकू आलं, आणि आश्चर्य म्हणजे लागलं नाही. लागायला हवं होतं खरं, पण निदान मी तिथे उभा होतो. मागच्या वर्षी उभासुद्धा नव्हतो.

त्यानंतरचं सगळं काम सावकाशीचं. सैल झालेला सदरा आत घ्यायचा तर मी एकदम कात्री लावत नाही. टाचण्या लावतो, घालून बघायला सांगतो, पुन्हा थोडं घेतो. गोळीचं तसंच चाललं. डॉक्टर थोडी कमी करायचे, मग काही आठवडे तिथेच राहायचं, झोप कशी, राग कसा, डोकं कसं, ते बघायचं. बायको मला विचारायची नाही, नुसती बघायची. मुलगी विचारायची. तिला आम्ही सगळं सांगितलं होतं. सकाळी चहा देताना ती म्हणायची, आज पाऊस काय ऊन? मी खरं सांगायचो. खोटं बोलून झालं होतं, त्यातून काय निष्पन्न होतं ते बघितलं होतं.

एकदा चुकलंही. अर्ध्या गोळीवर सगळं छान बसलं होतं, म्हणून आम्ही आणखी खाली उतरलो, आणि काही दिवसांनी पुन्हा खडू हातात धरून कापडाकडे बघत बसायची वेळ आली. या वेळी मी डबा उघडला नाही, फोन उघडला. डॉक्टर म्हणाले, अर्ध्यावर परत या. मी हिरमुसलो. मला वाटत होतं की शेवटी गोळी सुटली तरच मी जिंकलो. त्यांना मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, तुमचं माप अर्धं आहे, सध्या तरी, पुढचं पुढे बघू. माप हा शब्द मला समजतो. गिऱ्हाईकाची कंबर बत्तीस हवी म्हणून मी कधी पँट बत्तीस शिवत नाही, जी आहे ती शिवतो.

गेल्या श्रावणाच्या शेवटी मुलीला फोंड्याला प्रवेश मिळाला, नर्सिंगला, हॉस्टेलवर राहून. फोंडा म्हणजे काही लंडन नव्हे. दर शनिवारी घरी येणार होती. घरात तसं सगळ्यांनी एकमेकांना दहादा सांगून झालं होतं. सकाळच्या बसला तिला सोडायला मी स्टॉपवर गेलो. बायको दारातूनच परतली, तिला निरोप सोसत नाहीत. स्टॉपवर आम्ही दोघंच. बस वळणावर दिसली तशी मी खाली वाकलो आणि तिची बॅग उचलली.

आणि घसा दाटला.

कुठून आलं ते मला सांगता येत नाही. मामासुद्धा त्यात होते, असं मला वाटलं. काजूच्या झाडाखाली बसलेला मी होतो, आणि ती एवढीशी असताना माझ्या मशीनच्या पायडलवर बसून झोपायची ती होती. पाणी डोळ्यांतून ओघळलं, हनुवटीवर आलं. बॅग दोन्ही हातांत होती, पुसणार कसं? मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने नाटकात मला कितीदा रडताना बघितलं असेल, आणि नंतर कितीदा न रडताना.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘हय प्रेक्षक नाय. पुरे आता.’

तिचाही आवाज सरळ नव्हता. मी हसलो, ती हसली, कंडक्टरने बॅग माझ्या हातातून घेतली. बस गेली. मी उभा राहिलो, डोळे पुसले, आणि वाट बघत राहिलो, आता पुढे काय होतंय त्याची. ते बाजारात मासे बघून आलेल्या रडण्यासारखं सुरूच राहतंय का, डोक्यात झिर्र होतंय का, छातीवर तो दगड येतोय का. काही आलं नाही. रडू आलं होतं, आणि थांबलं होतं. मी किती काळ फक्त येण्याची वाट बघत होतो. थांबणंही तेवढंच लागतं, हे मला त्या स्टॉपवर समजलं.

घरी न जाता तसाच स्कूटरवर बसून डिचोलीला गेलो आणि दुकान उघडलं. गणपती जवळ आलेले, कामाचा ढीग पडला होता. टेबलावर कापड पसरलं, खडू घेतला आणि एका दमात रेघ मारली. सरळ आली.